किती गोळ्या, यापेक्षा केव्हा

पॅरासिटामॉलची जास्त मात्रा पोटात गेलेला रुग्ण पहिल्या दिवशी बहुधा बरा दिसतो. थोडी मळमळ, एखाददुसरी उलटी, जरा घाम, आणि पुष्कळदा तेवढेही नाही. तो बोलतो, चालतो, घरी सोडा म्हणतो. रक्त तपासले तर यकृताची तपासणीही नॉर्मल येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागते, यकृताच्या तपासणीतला एसजीपीटी हा आकडा हजारांच्या घरात जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेव्हा डोळे पिवळे दिसतात आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, तेव्हा घरच्यांना कळते की हे प्रकरण ॲसिडिटीचे नव्हते. उपचार सर्वांत गुणकारी ठरतो तो मात्र पहिल्याच दिवशी, पहिल्या काही तासांत. दिसायला निरोगी असलेल्या माणसाच्या यकृताला पुढे किती धोका आहे हे आजच ठरवायचे, हा या विषयातला मूळ पेच आहे. गेली ५० वर्षे वैद्यक त्याच्याशी झगडते आहे.

हे औषध आपल्या घरात सगळीकडे आहे. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो या नावांनी ते येते. कॉम्बिफ्लामसारख्या जोडगोळीत आयबुप्रोफेनबरोबर येते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत असते. पाठदुखी-गुडघेदुखीसाठी लिहून दिलेल्या ॲसिक्लोफिनॅकच्या गोळीतही असते. ठरवून दिलेल्या मात्रेत ते अतिशय सुरक्षित आहे. गरोदर बाई, तान्हे मूल, पोटात अल्सर असलेला म्हातारा, डेंग्यूचा रुग्ण, सगळ्यांना डॉक्टर विश्वासाने देतात ते हेच. या विश्वासामुळेच त्याची दुसरी बाजू घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

ती दुसरी बाजू वैद्यकाच्याही उशिरा लक्षात आली. हे रसायन १८७८ मध्ये तयार झाले होते, पण औषध म्हणून ते अमेरिकेत १९५५ आणि ब्रिटनमध्ये १९५६ मध्ये बाजारात रुळले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, स्कॉटलंडमधून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पहिले वृत्तान्त आले: जास्त मात्रेनंतर यकृताच्या पेशी मेलेले रुग्ण. तोवर झोपेच्या गोळ्यांची विषबाधा म्हणजे बेशुद्धी, श्वास थांबणे, एवढेच डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असे. शुद्धीवर असलेला रुग्ण तीन दिवसांनी दगावू शकतो ही कल्पनाच नवी होती.

कारण सापडले १९७३ मध्ये, अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत. जेरी मिचेल, डेव्हिड जोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पॅरासिटामॉल स्वतः यकृताला इजा करत नाही. त्याचा सुमारे ९० टक्के भाग यकृत साध्या मार्गाने निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. उरलेल्या थोड्या भागापासून सीवायपी २ई१ या विकरामुळे एक अतिशय क्रियाशील पदार्थ तयार होतो. त्याचे लघुनाम एनएपीक्यूआय. तो जन्मतः घातक, पण यकृतात ग्लुटाथायॉनचा साठा असतो आणि तो त्याला जागच्या जागी निकामी करतो. मात्रा बेसुमार झाली की साधा मार्ग तुंबतो, घातक पदार्थ जास्त बनतो आणि ग्लुटाथायॉन संपू लागते. हे सोसायटीच्या टाकीसारखे आहे: पाणी भरत असते, पण सगळ्या मजल्यांवरचे नळ एकदम सुटले तर तळ दिसायला वेळ लागत नाही. साठा साधारण ३० टक्क्यांवर घसरला की एनएपीक्यूआय थेट पेशींच्या प्रथिनांना चिकटतो आणि पेशी मरू लागतात.

साठा आटायला काही तास लागतात. हे तासच आपल्या हातात असतात. त्या वेळात ग्लुटाथायॉनचा कच्चा माल शरीराला पुरवला तर इजा सहसा टळते. एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीतल्या लॉरी प्रेस्कॉट यांनी आधी सिस्टीॲमाइन वापरून पाहिले. ते चालले, पण रुग्णाला फार त्रास होई. मग आले एन-ॲसिटिलसिस्टीन, आपल्याकडे डॉक्टर ज्याला नुसते ‘नॅक’ म्हणतात ते. १९७९ मध्ये प्रेस्कॉट यांनी १०० रुग्णांचा अनुभव छापला. दहा तासांच्या आत नॅक मिळालेल्या ६२ जणांपैकी फक्त एकाच्या यकृताला गंभीर इजा झाली. दहा ते चोवीस तासांच्या दरम्यान ज्यांना ते मिळाले अशा ३८ जणांपैकी २० जणांना झाली. नॅकशिवाय केवळ आधार-उपचार मिळालेल्या आधीच्या ५७ रुग्णांत हे प्रमाण ५८ टक्के होते. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त घड्याळाचा. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा शोधनिबंध हाच, कारण त्यानंतर धोक्याचे मूल्यमापन म्हणजे वेळेचे मूल्यमापन झाले.

तरीही कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती गोळ्या घेतल्या?’ हा. विचारायला हवाच, पण त्याच्या उत्तरावर फार विसंबू नये. घाबरलेला माणूस कमी सांगतो, रागावलेला जास्त सांगतो, उलटीत किती बाहेर पडले ते कुणालाच माहीत नसते. रिकामी स्ट्रिप आधीपासून अर्धी वापरलेली असू शकते. म्हणून रक्तातली पातळी मोजावी लागते, आणि त्या पातळीला अर्थ येतो तो वेळेमुळे.

प्रेस्कॉट यांनी १९७१ मध्येच दाखवले होते की ज्यांच्या रक्तातली पातळी निम्मी व्हायला चार तासांहून जास्त लागतात त्यांच्या यकृताला धोका असतो. पण त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त काढत बसावे लागे. १९७५ मध्ये डेन्व्हरचे बॅरी रुमॅक आणि एडिंबराचे हेन्री मॅथ्यू यांनी एकाच नमुन्यावर निर्णय देणारा आलेख मांडला. आडव्या अक्षावर गोळ्या घेतल्यापासूनचे तास, उभ्या अक्षावर रक्तातली पातळी आणि मधून उतरती रेषा. मूळ रेषा चौथ्या तासाला दर लिटरमागे २०० मिलिग्रॅमपासून निघते आणि दर चार तासांनी निम्मी होते. रुग्णाचा बिंदू रेषेच्या वर पडला तर उपचार, खाली पडला तर धोका फार कमी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सावधगिरीसाठी रेषा पाव हिश्शाने खाली आणायला लावली, म्हणून तिथे ती १५० पासून सुरू होते. आठव्या तासाला ७५, बाराव्याला साडेसदतीस.

या आलेखाने असंख्य जीव वाचवले. पण तो कुठे लागू पडत नाही, हे माहीत असल्याशिवाय हातात घेऊ नये. चार तासांच्या आधीचा नमुना निरर्थक असतो, कारण औषध अजून पोटातून रक्तात उतरत असते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांत एक नमुना पुरत नाही. चोवीस तासांनंतर रेषाच संपते. घेतल्याची वेळ ठाऊक नसेल तर बिंदू मांडायचाच कुठे? अंदाजच करायचा झाला तर शक्य असलेली सर्वांत आधीची वेळ धरावी, म्हणजे चूक झाली तरी रुग्णाच्या बाजूने होते.

सर्वांत मोठे भगदाड आहे ते थोड्या थोड्या करून झालेल्या जास्त मात्रेचे. दाढ दुखते आहे, दंतवैद्याची वेळ चार दिवसांनी आहे. माणूस दर दोन-तीन तासांनी गोळी घेतो, मध्ये सर्दीची वेगळी गोळी घेतो, रात्री अंगदुखीची तिसरी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल आहे हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. जीव द्यायचा विचार त्याच्या मनातही नसतो. अमेरिकेत १९९८ ते २००३ या काळात अचानक यकृत निकामी झालेल्या ६६२ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या २७५ जणांत कारण पॅरासिटामॉल होते, आणि त्यांपैकी ४८ टक्के लोकांच्या हातून ते नकळत घडले होते. असे रुग्ण उशिरा येतात. रक्तातली पातळी तोवर उतरलेली असते, बिंदू रेषेखाली दिसतो आणि यकृत मात्र आतून खचलेले असते. इथे आलेख बाजूला ठेवायचा. रक्तात पॅरासिटामॉल अजून सापडते आहे किंवा एसजीपीटी वाढली आहे, यांपैकी एक जरी खरे असेल तरी नॅक सुरू करायचे.

रेषा कुठे आखावी यावर देशोदेशी मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे दोन रेषा होत्या: सामान्य रुग्णासाठी २०० ची, आणि उपाशी, कुपोषित, दारूचे व्यसन असलेल्या किंवा काही विशिष्ट औषधे चालू असलेल्यांसाठी १०० ची. कारणमीमांसा पटण्यासारखी होती. उपासाने ग्लुटाथायॉन कमी होते. सततच्या दारूने आणि क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडने घातक पदार्थ बनवणारे विकर वाढते. पण प्रत्यक्षात कोणाला ‘जास्त धोक्याचा’ म्हणायचे यात डॉक्टरांचे एकमत होईना. २०१२ मध्ये ब्रिटनने हा भेद मोडीत काढून सर्वांसाठी १०० ची एकच रेषा केली. उपचार घेणाऱ्यांची संख्या एकदम वाढली, कारण ज्यांना एरवी घरी सोडले असते तेही दाखल होऊ लागले. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया १५० वर कायम आहेत, आणि तिथे याचे वाईट परिणाम दिसल्याचा पुरावा नाही. नॅकही अगदी निर्धोक नाही. पहिल्या सलाईनच्या वेळी काहींना अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होते, दम लागतो. वेग कमी करून, औषध देऊन ते आवरता येते. एवढ्यासाठी उपचार कायमचा बंद करणे ही मोठी चूक ठरेल. एडिंबरात आखलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ तासांच्या सुटसुटीत पद्धतीने उलट्या आणि असे त्रास बरेच घटले.

मोठ्या शहरातल्या सुसज्ज रुग्णालयात १५० ची रेषा पुरेशी आहे असे मला वाटते. पण आपल्याकडचा खरा प्रश्न रेषेचा नाहीच. आपल्या बहुतेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत रक्तातले पॅरासिटामॉल मोजायची सोय नसते. नमुना शहरातल्या लॅबला पाठवला तर उत्तर दुसऱ्या दिवशी येते. अशा वेळी उत्तराची वाट पाहणे म्हणजे उपचाराचे तास घालवणे. नियम स्पष्ट आहे: आठ तासांच्या आत पातळी कळणार नसेल आणि हकिगतीवरून घेतलेली मात्रा धोक्याची वाटत असेल, तर नॅक आधी, तपासण्या मागाहून. नॅक महागडे औषध नाही. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालते. १८०० ११६ ११७ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही डॉक्टरला सल्ला मिळतो. तालुक्याच्या डॉक्टरने तो फोन करण्यात कमीपणा मानू नये.

घरी करायचे काय? मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा प्रकार आपल्याकडे अजून चालतो. तो करू नये; मिठाने रक्तातले सोडियम जिवावर बेतेल इतके वाढू शकते आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. दवाखान्यात लवकर पोचलेल्याला सक्रिय कोळसा देता येतो, पण तो निर्णय डॉक्टरांचा. १०८ ला फोन करावा आणि सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. ‘त्रास तर काही होत नाहीये’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

लहान मुलांबाबत वेगळे सांगायला हवे. एकदाच चुकून सिरप प्यालेले मूल मोठ्यांपेक्षा सहसा बऱ्यापैकी निभावून नेते. खरी काळजी तापाच्या मुलाची. पावसाळ्यात डेंग्यूचा ताप उतरत नाही, आई एका डॉक्टरचे सिरप देते, आजी जुन्या बाटलीतले देते. त्यातच थेंबांच्या बाटलीत औषध सिरपपेक्षा कितीतरी दाट असते आणि दोन्ही एकाच चमच्याने मोजली जातात. मूल जेवत नाही, उलट्या करते, ग्लुटाथायॉन कमी. डेंग्यूनेही यकृताची तपासणी बिघडते, त्यामुळे दोष कुणाचा हे ओळखणे कठीण होते. अशा मुलाची एसजीपीटी झपाट्याने चढत असेल तर ‘डेंग्यूत वाढतेच’ म्हणून सोडून देऊ नये. पॅरासिटामॉल किती वेळा, कुठल्या बाटलीतून दिले हे विचारावे.

उशिरा आलेल्या रुग्णात मूल्यमापनाचा प्रश्नच बदलतो. इजा होईल का, याऐवजी यकृत सावरेल का, हे ठरवायचे असते. एसजीपीटीचा आकडा कितीही भयंकर दिसला तरी तो फक्त मेलेल्या पेशींची नोंद देतो. उरलेले यकृत काम करते आहे का हे सांगतो आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेळेचा निर्देशांक, कारण रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवते. म्हणून रक्तस्राव नसताना केवळ आकडा सुधारावा म्हणून प्लाझ्मा देऊ नये. आकडा सुधारतो आणि यकृत कुठे चालले आहे हे कळायची वाट बंद होते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या जॉन ओग्रेडी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दिलेले निकष आजही वापरले जातात: सलाईनने पाण्याची तूट भरून काढल्यावरही रक्ताचा पीएच ७.३ च्या खाली, किंवा आयएनआर ६.५ च्या वर, क्रिएटिनिन लिटरला ३०० मायक्रोमोलच्या वर आणि गाढ गुंगी, ही तिन्ही एकदम. पुढे लॅक्टेटची भर पडली. हे निकष लागू झाले तर प्रत्यारोपणाशिवाय वाचण्याची आशा कमी. मात्र ते लागू झाले नाहीत म्हणून निर्धास्त होता येत नाही. त्यामुळे आयएनआर चढू लागताच मुंबई-पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्राशी बोलणे सुरू करावे. निकष पूर्ण होण्याची वाट पाहिली तर रुग्ण प्रवासाच्या पलीकडे गेलेला असतो. नॅक उशिरा सुरू झाले तरी देतच राहायचे, त्याचा उपयोग होतो. आणि जो यातून वाचतो त्याचे यकृत बहुधा पूर्ववत होते, मागे सिरॉसिस राहत नाही.

संशोधन आता पहिल्या तासांकडे परत वळले आहे. पॅरासिटामॉलची पातळी आणि एसजीपीटी यांचा गुणाकार हा एक साधा मार्ग: १५०० च्या खाली असेल तर धोका कमी, १०,००० च्या वर असेल तर जास्त. वेळ नक्की माहीत नसली तरी त्याचा उपयोग होतो, म्हणून आपल्यासारख्या ठिकाणी तो अधिक रुळायला हवा. एमआयआर-१२२ आणि केराटिन-१८ हे घटक एसजीपीटीच्या कितीतरी आधी इजेची वर्दी देतात, असे ब्रिटनमधल्या अभ्यासांत दिसले आहे. पण ते रोजच्या लॅबमध्ये यायचे आहेत. फोमेपिझोल हे घातक पदार्थ बनवणाऱ्या विकरालाच अडवते. नॅकच्या जोडीला ते कुणाला द्यावे याचा अभ्यास चालू आहे.

या सगळ्या साधनांना एक गोष्ट बाहेरून पुरवावी लागते: खरी वेळ. आपल्याकडे ती लपवली जाते. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने घरचे आधी खासगी दवाखान्यात ‘जेवण बाधले’ म्हणून नेतात, मग दुसऱ्या दवाखान्यात, आणि खरी हकिगत सांगेपर्यंत रात्र उलटते. कायदा आता तसा नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. भारतीय दंड संहितेतले कलम ३०९ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. रुग्णालय एमएलसीची (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद करते ती कागदाची प्रक्रिया. तिच्यासाठी उपचार अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितले आहे. ही माहिती प्रत्येक कॅज्युअल्टीच्या दारात मोठ्या अक्षरांत लावलेली असावी.

विचारण्याचीही पद्धत असते. नवविवाहितेला सासूसमोर विचारले तर खरे उत्तर येणार नाही. नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर थांबायला सांगावे. ‘किती वाजता’ सांगता येत नसेल तर ‘नळाला पाणी आले होते का, मुले शाळेतून आली होती का, कुठली मालिका लागली होती’ असे विचारावे. आवाज चढवून, ‘कशाला केलेस हे’ म्हणून विचारलेल्या प्रश्नाला वेळ मिळत नाही, फक्त रडणे मिळते.

नॅकची शेवटची बाटली संपली, एसजीपीटी आणि आयएनआर ठीक आले, की खाट रिकामी करायची घाई होते. डिस्चार्जच्या कागदावर सही होण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी निवांत बोललेच पाहिजे. तज्ज्ञ जवळ नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रुग्णालयातूनच जोडून द्यावे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. ब्रिटनने १९९८ मध्ये पाकिटातल्या गोळ्यांची संख्या कायद्याने मर्यादित केली. पुढच्या ११ वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये या औषधाने होणारे मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी झाले. क्षणाची ऊर्मी ओसरेपर्यंत हाताशी साठा नसला की पुष्कळ माणसे वाचतात. म्हणून घरी जाणाऱ्या नातेवाइकांना पथ्याच्या सूचनांबरोबरच सांगावे की घरातल्या सगळ्या औषधांचा डबा पुढचे काही महिने कुलपात ठेवा, आणि रुग्णाला दुखले-खुपले तर एका वेळची गोळी हातात द्या.